जावळाचा वास

ओजूचं जावळ काढलं त्याच दिवशी तिच्या आईने नोकरी सोडत असल्याचं जाहीर केलं आणि माझ्या भावाच्या हातातला पेढा तोंडापर्यंत पोचलाच नाही.

पोरगी मामाच्या मांडीवर बसून घर डोक्यावर घेत होती. न्हावी 'झालं हं, झालं' म्हणत मशीन चालवत होता आणि मी पदर पसरून समोर बसले होते. जावळ जमिनीवर पडू द्यायचं नाही, आत्याने पदरात झेलायचं आणि मग गोदावरीत सोडायचं, ही आम्हा गायधन्यांकडची रीत. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. केस म्हणजे मेलेलं प्रथिन, हे दरवर्षी पोरांना सांगते. तरी ते मऊ, तेलकट पुंजके पदरात पडायला लागले तेव्हा मला भरून आलं. मी लग्न केलं नाही, भावाकडेच राहते. आत्या होणं एवढंच माझ्या वाट्याला आलं होतं आणि ते मी मनापासून करत होते.

"सोमवारी राजीनामा देते," ओजूला छातीशी घट्ट धरून ऋजुता, माझी भावजय, म्हणाली. "रजा संपून कामावर गेले खरी, पण मला नाही जमत. काल मायक्रोस्कोपखाली तार जोडताना हिच्या डोक्याचा वास आठवला आणि हात थरथरायला लागला. अख्खा नग वाया गेला."

"अगं, सुरुवातीला सगळ्यांनाच होतं तसं," हृषी म्हणाला.

"सगळ्यांचं मला नको सांगूस. मला माझं बाळ हवंय."

हृषीकेश, माझा धाकटा भाऊ, तिच्याच कंपनीत मनुष्यबळ विभागाचा प्रमुख होता. नीलपर्ण डिव्हायसेस. अंबडला त्यांचा कारखाना आहे, तिथे हृदयात बसवायची यंत्रं बनतात. केसाहून बारीक तारा जोडायचं काम. रोबोंनी हात टेकले म्हणून बायका करतात. असा हात तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि ऋजुताइतका स्थिर हात तिथे दुसरा नव्हता. माणसं टिकवण्यासाठी ज्याला पगार मिळतो त्याचीच बायको सोडून चालली, म्हणजे दिव्याखालीच अंधार.

"ताई, दे ते जावळ इकडे," थोड्या वेळाने तो मला म्हणाला. "मी रामकुंडाकडे चाललोच आहे. सोडतो नदीत."

मी पदरातलं जावळ कागदात बांधून त्याच्या हातात दिलं. भाऊच तो, संशय कशाला घ्यायचा?

त्या सुमारास नाशकात कोणी कुठे टिकत नव्हतं. कंपन्यांनी माणसांना खूश ठेवायचे सगळे प्रकार करून पाहिले होते. भिंतींना पिस्ता रंग लावला. झाडं आणली, झोपाळे टांगले, मांजरं पाळली, दुपारी मान चोळून द्यायला माणूस ठेवला. लोकांनी फुकटचं जेवण जेवलं, मान चोळून घेतली, मांजरांना कुरवाळलं आणि महिनाअखेरीस दुसरीकडे गेले. मग 'प्रसन्न' आलं.

हे यंत्र म्हणजे खुर्चीच्या डोकं टेकायच्या जागी बसवलेली काडेपेटीएवढी डबी. ती दर थोड्या वेळाने वासाचा एक बारीकसा फवारा सोडते, इतका बारीक की आपण काही हुंगतोय हे कळतही नाही. वास ज्याचा त्याला. कुणाला आजोळच्या अंगणाचा, कुणाला मेलेल्या कुत्र्याच्या पाठीचा. घरच्या कुणीतरी वस्तू आणून द्यायची, प्रयोगशाळा तिच्यातले रेणू ओळखते आणि हवे तितके बनवते.

यामागचं शास्त्र अवघड नाही. आपण जे पाहतो, ऐकतो ते मेंदूत गेलं की आधी एका मधल्या कचेरीत थांबतं, तिथून पुढे वाटलं जातं. वासाला ही कचेरी लागत नाही. तो मागच्या दाराने थेट माया, भीती आणि आठवण जिथे राहतात त्या खोलीत शिरतो. शिवाय तोच वास सतत आला तर नाक त्याला सरावतं; म्हणून 'प्रसन्न' मधे मधे थांबतं आणि नाकाला विसरू देतं. दर फवारा पहिल्यासारखा लागतो. आणि तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास हा तर यातला राजा. उपाशी माणसासमोर ताट आलं की मेंदूचा जो भाग पेटतो, तोच भाग त्या वासाने आईच्या मेंदूत पेटतो. बाळ रडून रडून जीव खातं तरी आई त्याला टाकून जात नाही, त्याचं मोठं श्रेय या वासाला आहे.

हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की ऋजुताने राजीनाम्याचं नाव काढायचं बंद केलं.

ती हसत जायची, हसत यायची. आल्यावर मात्र हळूहळू विझायची. ओजूचं खाणं, अंघोळ, डोस सगळं वेळच्या वेळी करायची. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पण ओजू कडेवर आली की ऋजुताची मान आपोआप दुसरीकडे वळायची. रविवारी ती घरभर येरझाऱ्या घालायची. सुट्टी दिली तर नको म्हणायची. ओजू दोन वर्षांची झाली, अंगावरचं दूध सुटून जमाना झाला, तरी एकदा ऋजुता कामावरून आली ती ओला कुर्ता ओढणीने झाकून.

"काय गं, अजून?" मी विचारलं.

"तिथेच येतं ताई, ऑफिसात," ती लाजून म्हणाली. "कंपनीने त्यासाठी वेगळी खोली दिलीय. फार छान आहे खोली, पाळणाघरासारखी रंगवलीय."

मी बाईमाणूस असून मला त्यातलं काही कळलं नाही. कळायला आणखी दीड वर्षाने कंपनीचा कुटुंब दिन उजाडावा लागला.

कुटुंब दिनाला कंपनी घरच्यांना बोलावते, फुगे लावते आणि समोसे देते. ओजू तेव्हा साडेतीन वर्षांची, नवा फ्रॉक घालून नुसती उड्या मारत होती. आईची जागा दिसताच ती पळत सुटली आणि खुर्चीवर चढून डोकं मागे टेकून बसली, अगदी साहेबासारखी. आम्ही सगळे हसलो. ऋजुता हसली नाही.

"ऊठ तिथून," ती म्हणाली. "ऊठ आधी! तुझा वास लागेल खुर्चीला."

तिने पोरीला दंडाला धरून खाली उतरवलं, ओढणीने खुर्चीची पाठ पुसली, मग वाकून ती हुंगली आणि मगच तिचा जीव भांड्यात पडला. ओजूने फ्रॉकचं टोक नाकाला लावून पाहिलं. आपल्याला कसला वास येतो, ते ती शोधत होती.

मी त्या खुर्चीत बसले. क्षणभराने आलाच. वेखंड, खोबरेल, आंबूस दूध, आणि त्या सगळ्याखाली ऊबदार असं काहीतरी, जे मी एकदाच पदरात झेललं होतं. मी तशीच उठले.

हृषीला मी कँटीनमध्ये गाठलं. "जावळ नदीत सोडलं नव्हतंस."

"ताई, जरा हळू."

"सोडलं होतंस का?"

"नाही," तो म्हणाला. समोसा मात्र खातच होता. "आणि काय बिघडलं? ती घरी बसून कुढली असती. आज ती खूश आहे, हप्ते फिटतायत, तिच्या हातच्या यंत्रांवर शेकडो लोक जगतायत. आमच्या कारखान्यातून दोन वर्षांत एकही आई सोडून गेलेली नाही. एकही नाही, ताई! दिल्लीहून लोक बघायला येतात."

"तिला माहीत आहे?"

"संमती सगळेच देतात. कसला वास, ते आम्ही सांगत नाही. पण विचार तिला."

मी विचारलं. ऋजुताने नजर चुकवली नाही. "आठवड्यातच ओळखलं मी. आई आहे मी, ओळखणार नाही? पण तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर त्यांनी बंद केलं असतं ना."

आता पुढचं ऐका. मूल वाढतं तसा त्याचा वास बदलतो. दात येतात, वरणभात सुरू होतो, खेळून घाम येतो. आईचं नाक रोज थोडं थोडं बदलत मुलाच्या मागे चालतं, त्यामुळे तिला हा बदल कधी कळत नाही. ऋजुताच्या नाकाला मात्र दिवसभर सात महिन्यांचंच बाळ मिळत होतं, तेही खऱ्याहून गडद. संध्याकाळी दारात जी पोर धावत यायची ती तिच्या मेंदूच्या लेखी कुणाची तरी पोर होती. तिचं खरं मूल अंबडला होतं, आणि ते कधीच मोठं होणार नव्हतं.

मी हृषीच्या मागे हात धुऊन लागले, तेव्हा कुठे त्याने तिची डबी बंद केली. चार दिवसांत ऋजुताने अन्न सोडलं. कपाटातली ओजूची जुनी झबली काढून हुंगायची आणि फेकून द्यायची, कारण त्यांना कपाटाचा वास येत होता. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ती रडली ती अशी, की शेजारच्या काकू कोण गेलं म्हणून विचारायला आल्या.

"अगं, ओजू आहे ना समोर," मी म्हटलं.

"कळतं हो ताई मला. वेडी नाहीये मी. ही ओजू आहे, माझीच आहे, हिच्यासाठी जीवही देईन. पण माझं बाळ गेलंय. तुम्हाला नाही कळायचं."

ओजू दारात उभी होती. ती आईजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझं बाळ गेलं का? येईल हं ते. रडू नको."

दुसऱ्या दिवशी डबी पुन्हा सुरू झाली.

माझा भाऊ दुष्ट आहे असं मी म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तो दुष्ट नाही. तो हुशार आहे, ते जास्त वाईट. त्याने यावर तोडगा काढला. तोच वास एका छोट्या बाटलीत भरायचा, बाटली आईसोबत घरी पाठवायची, आणि ती ऑफिसातून यायच्या आधी दोन थेंब मुलाच्या टाळूला लावायचे. वरच्या साहेबांना योजना इतकी आवडली की त्यांनी तिला 'गृहप्रसन्न' नाव दिलं आणि हृषीला बढती दिली. बाटली दर महिन्याला नवी, विमा आणि कँटीनसारखीच एक सवलत. अर्थात नोकरीत असेपर्यंत.

आणि ती चालली हो! पहिल्या संध्याकाळी ऋजुता दारातून आली, ओजूला उचललं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि तशीच उभी राहिली. ओजूने डोळे मिटून घेतले होते. इतकं प्रेम तिला आठवण्याच्या वयात कधी मिळालंच नव्हतं. मी रसायनशास्त्राची बाई, मला सगळं ठाऊक, तरी माझ्या डोळ्यांना धार लागली. खोटं तर खोटं, म्हटलं, पोरीला आई मिळतेय.

पोरं शहाणी असतात. आठवडाभरात ओजू संध्याकाळ झाली की स्वतःच बाटली घेऊन माझ्यासमोर डोकं वाकवून उभी राहायला लागली. "आत्या, मला वास लाव." आई आली की आधी डोकं पुढे करायचं, मग बाकीचं सांगायचं. शाळेत बक्षीस मिळालं तरी आधी डोकं.

मग एकदा शेजारची स्वरा खेळायला आली. दोघी भातुकली खेळत होत्या. ओजू फार दिलदार पोर; तिने आपल्या खाऊसारखा आपला वासही वाटून दिला. स्वराला थेंब थेंब म्हणता अर्धी बाटली लावली आणि स्वतःला लावायचं राहूनच गेलं. तेवढ्यात ऋजुता आली. दोन्ही मुली दाराकडे धावल्या. ऋजुता वाकली, हात पसरले आणि ओजूच्या अंगावरून पुढे होऊन स्वराला उचललं. तिच्या टाळूवर ओठ टेकवले. "माझं सोनं ते," ती म्हणाली.

स्वरा गुदगुल्या झाल्यासारखी हसली. ओजू तिथेच उभी राहिली. ती रडली नाही. तिने जमिनीवरची बाटली उचलली, बूच घट्ट लावलं आणि आत जाऊन माझ्या उशीखाली लपवली. त्यानंतर तिने स्वराला कधी घरात घेतलं नाही.

ऋजुताच्या लक्षात यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मग तिने स्वराला खाली ठेवलं, भिंतीला टेकली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. नंतर तिने राजीनामा दिला. हृषी रागावला, विनवण्या केल्या, माझ्यावरही आगपाखड केली. ती बधली नाही. ओळखपत्र परत केलं आणि नियमाप्रमाणे बाटलीही परत केली.

"नाक शिकतं ना परत, ताई?" तिने विचारलं.

"शिकेल," मी म्हटलं. "नाकातल्या पेशी दर महिन्या-दोन महिन्यांनी नव्या येतात." ओळख नाकात नसते, मेंदूत असते, हे मी तिला सांगितलं नाही.

तिने जीव तोडून प्रयत्न केले. ओजूला न्हाऊ घातलं, भरवलं, जवळ घेऊन निजली. तिच्या केसांत नाक खुपसून पडून राहायची आणि दात आवळायची. पोरांना मिठी कळते. ओजूला त्या मिठीतला ताठरपणा कळत होता. ती आईच्या कुशीत लाकडासारखी निश्चल पडायची, हललं तर आई उठून जाईल म्हणून. ऋजुता वाळली. संध्याकाळ झाली की ओजू सवयीने माझ्यासमोर डोकं वाकवायची, मग आठवून सरळ व्हायची.

एका सकाळी आम्ही चौघं चहाला बसलो होतो. ओजू हृषीच्या टेबलावरून कसलातरी जुना पट्टा घेऊन आली, कंपनीचं नाव छापलेला, ओळखपत्र अडकवायचा. खुर्चीवर चढून तिने तो आईच्या गळ्यात घातला, नीट केला.

"आई, तू ऑफिसला जा ना."

"का गं राणी? मी तुझ्यासाठी सोडलं ना ऑफिस."

"नको सोडूस," ओजू म्हणाली. "ऑफिसला गेलीस की तू माझी आई असतेस."

ऋजुताने तोंडावर हात दाबला. मी उठून गॅस बंद केला, खरं तर तो बंदच होता. हृषी मात्र मुलीकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे मी शपथेवर सांगेन. त्याचा उजवा हात खिशात फोन शोधत होता, हेही सांगेन.

ऋजुता सोमवारी परत रुजू झाली. गुच्छ देऊन स्वागत झालं, संध्याकाळी बाटली आली. आता ती खूश आहे. ओजूही खूश आहे, पहिलीत जाते. बाटली ती स्वतः सांभाळते, कुणाला हात लावू देत नाही. माझ्याकडूनही आता लावून घेत नाही, मी जास्त थेंब घालते म्हणते.

परवा ऋजुताचा डबा राहिला म्हणून मी अंबडला गेले होते. कंपनीच्या स्वागतकक्षात, शिरल्या शिरल्या दिसेल असा, ओजूचा भिंतभर फोटो लावलाय. खाली मोठ्या अक्षरांत: 'ऑफिसला गेलीस की तू माझी आई असतेस. – ओजस्वी, वय ४.' मुलाखतीला आलेल्या दोन मुली समोर उभ्या होत्या. त्यातली एक गरोदर होती, पोटावर हात ठेवून वाचत होती.

"किती गोड ना!" ती डोळे पुसत म्हणाली.

मी तोंड उघडणार एवढ्यात हृषी बाहेर आला, तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, कितवा महिना ते आपुलकीने विचारलं. "आणि एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "जावळ काढाल तेव्हा ते नदीत सोडू नका. आत्याला सांगा, आमच्याकडे द्यायचंय."

मग माझ्याकडे वळून त्याने डबा घेतला आणि म्हणाला, "ताई, हिला सांग ना जरा, आपल्याकडे कसं केलं ते."